पत्त्यावरून शाळा ठरवली, तर गरीब-श्रीमंत मुलं एका बाकावर येतील का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या बाईंनी विचारलंय. त्यांच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंनी मुलीसाठी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांतून सोसायटीलगतच्या इंग्रजी शाळेचा अर्ज भरला होता. नंबर लागला नाही. ताईंचं घर अडीच किलोमीटरवर आहे, आणि शाळेच्या जागा एक किलोमीटरच्या आतल्या अर्जांतच संपल्या. यावर बाईंचं म्हणणं असं: अमेरिकेसारखी प्रत्येक शाळेची हद्दच आखून टाका, हद्दीतल्या सगळ्या मुलांना त्याच शाळेत घाला, पैसेवाल्यांनाही. मग पैशावरून शाळा ठरणार नाही आणि सगळी मुलं एकत्र शिकतील. हे होईल का?

होईल, पण जिथे गरीब आणि श्रीमंत आधीच शेजारी राहतात तेवढ्याच ठिकाणी. बाकी ठिकाणी हद्दीची रेघ आज जी वाटणी आहे तीच पक्की करेल. मी बरीच वर्षं शिक्षण खात्यात होतो, प्रवेशाच्या पडताळणी समितीवर बसलो आहे, आणि निवृत्तीनंतर वस्तीतल्या पालकांचे अर्ज भरून देतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. त्या जोरावर लिहितो.

सध्याच्या नियमातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या (किंवा पूर्वप्राथमिक असेल तर त्या) वर्गातल्या किमान २५ टक्के जागा ‘परिसरातल्या’ दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना द्यायच्या. हा ‘परिसर’ महाराष्ट्रात किलोमीटरमध्ये मोजतात. आधी एक किलोमीटरच्या आतले अर्ज, जागा उरल्या तर तीन किलोमीटरपर्यंतचे. पण ही मोजपट्टी फक्त या २५ टक्क्यांना लागते. उरलेल्या ७५ टक्क्यांचा पत्ता कुणी विचारत नाही. फी भरणाऱ्याचं मूल बारा किलोमीटरवरून स्कूलबसने आलं तरी चालतं, आणि येतंच. म्हणजे आपल्याकडे हद्द आहे, ती फक्त गरिबाला आहे. ज्याला बस परवडते तो हद्दीबाहेर, ज्याला परवडत नाही तो हद्दीत अडकलेला.

तुमच्या सूचनेत ही विषमता जाते, हे मान्य. सगळ्यांनाच हद्द लावायची म्हणताय, त्यात एक न्याय आहे. पण नकाशावर वर्तुळं काढून बघा.

पुण्यात सहकारनगर आणि पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत घ्या. बंगले, जुन्या सोसायट्या आणि दाट वस्ती, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. इथे शाळेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात डॉक्टरचं घर येईल आणि रिक्षावाल्याचंही. हद्दीची कल्पना इथे चालेल. मुंबईत पवईच्या उंच इमारतींना लागून वस्त्या आहेत, तिथेही थोडीफार चालेल. आता गोवंडी-मानखुर्दला या. शाळेभोवतीचं वर्तुळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच प्रकारच्या घरांनी भरलेलं. त्यात गरीब मुलं गरीब मुलांबरोबर शिकतील. आजही तेच होतंय, फक्त आता त्यावर कायद्याचा शिक्का बसेल.

शिवाय कोण कुठे राहतो हे नेहमी त्या कुटुंबाने ठरवलेलं नसतं. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी मुंबईत हजारो कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत हलवली गेली. तानसा जलवाहिनीच्या कडेची माणसं माहुलला गेली. बापाचं काम जिथे होतं तिथेच राहिलं, मुलांची शाळा मात्र बदलली. पुण्याच्या कडेला वाघोली-हिंजवडीकडे उलटा प्रकार. मोठ्या गृहप्रकल्पाच्या दारातच शाळा, आणि त्या प्रकल्पात धुणीभांडी, सुरक्षारक्षक, ड्रायव्हर अशी कामं करणारी माणसं मात्र जिथे भाड्याची खोली परवडते तिथून येणार. तुमच्या ताईंचं तेच झालं. त्यांचा दिवस तुमच्या शाळेच्या परिसरात जातो, पण परिसर म्हणून मोजली जाते ती रात्र जिथे जाते ती जागा.

अमेरिकेचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून सांगतो. तिथे सार्वजनिक शाळांना खरंच हद्दी आहेत आणि पत्ता म्हणजे प्रवेश. परिणाम काय झाला? चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर महाग झालं. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी बोस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शाळेचे परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त मोजायला तयार होते. वस्ती तीच, गल्ली तीच, फरक फक्त रेघेचा. फी रद्द होते आणि घराच्या किमतीतून वसूल होते. त्यात १९७४ च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइट शहर आणि भोवतालची उपनगरं एकत्र करून मुलांची सरमिसळ करायला नकार दिला. ज्यांना नको होतं त्यांना शहराच्या हद्दीपलीकडे उपनगरात घर घेतलं की पुरे होतं. आपल्याकडे ‘नामांकित शाळेपासून पाच मिनिटांवर’ अशा जाहिराती हद्द नसतानाच लागतात. हद्द आखल्यावर बिल्डर काय करतील याचा अंदाज तुम्हीच करा.

भारतात असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. दिल्लीच्या उपराज्यपालांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशासाठी १०० पैकी ७० गुण घराच्या अंतराला देऊन टाकले. शाळा कोर्टात गेल्या, पालकही गेले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. शाळेची स्वायत्तता आणि पालकांचा निवडीचा हक्क, हे मुद्दे. म्हणजे फी भरणाऱ्यांना खासगी शाळेत हद्द लावणं कायद्याच्या पातळीवरही सोपं नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेची शिफारस केली होती: परिसरातली सगळी मुलं, जात-पात आणि ऐपत न बघता, एकाच शाळेत. लोक एवढंच वाक्य उचलतात. आयोगाचा भर मुळात समान शाळा पद्धतीवर होता. सार्वजनिक शाळांचा दर्जा असा हवा की कुणाला मुलाला बाहेर पाठवायची गरजच वाटू नये. दर्जाचा भाग न करता फक्त शेजारशाळेचा करायचा म्हणजे वाईट शाळेच्या दारात मुलाला बांधून ठेवणं.

आणि अंतराचा नियम कसा उलटवता येतो ते आपण महाराष्ट्रातच पाहिलंय. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने अधिसूचना काढली: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. कागदावर तर्क साधा वाटतो. जवळ सरकारी शाळा आहे, मग खासगी शाळेचे पैसे आम्ही का भरावेत? पण शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही असं ठिकाण शोधून दाखवा. नियम आला आणि अर्जात पालकांना पर्याय म्हणून बहुतेक सरकारी-अनुदानित शाळाच दिसू लागल्या, ज्यात प्रवेशाला अर्जाची गरजच नसते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे ला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्दच केला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. स्थगितीनंतर प्रक्रिया नव्याने झाली तेव्हा सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आले. कर्नाटकात असाच नियम २०१८ अखेरीस आला, तिथल्या उच्च न्यायालयाने तो टिकवला, आणि तिथली २५ टक्क्यांची योजना पार आटली. एकाच किलोमीटरने इकडे मुलाला आत घेतलं आणि तिकडे बाहेर काढलं. म्हणून अंतराचा नियम कुणी आणला की मी आधी विचारतो, हा कुणाला अडवण्यासाठी आहे.

आता कागदपत्रांकडे, कारण खरी गाळणी इथे होते.

ऑनलाइन अर्जात गूगल मॅपवर लाल फुगा घरावर टेकवायचा असतो. त्यावरून अंतर ठरतं, तेही सरळ रेषेत. वस्तीतल्या गल्लीला नकाशावर नाव नसतं. सायबर कॅफेवाला घाईत फुगा चौकात टेकवतो, कधी स्वतःच्या दुकानावरच. नंबर लागतो, पालक पेढे वाटतात, आणि पडताळणीत कागदावरचा पत्ता आणि फुगा जुळत नाही म्हणून प्रवेश जातो. असे पालक समोर बसलेले असतात तेव्हा त्यांना सांगायचं काय हा प्रश्न असतो. त्यांनी खोटं काहीच केलेलं नसतं. सरळ रेषेचं आणखी एक: मध्ये रेल्वेचे रूळ किंवा नाला असला तर नकाशावर आठशे मीटर दिसणारी शाळा पायी दोन किलोमीटर पडते. सहा वर्षांचं मूल रोज ते चालणार.

त्यानंतर भाडेकरार. स्वतःचं रेशनकार्ड, वीजबिल नसेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, अर्जाच्या आधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा. वस्तीतला खोलीमालक नोंदणी करून देत नाही. त्याचीच खोली कागदावर धड नसते. उलट ज्याच्याकडे थोडे पैसे आणि एजंटची ओळख आहे तो हव्या त्या शाळेजवळ करार करून आणतो, घरी दोन महिन्यांत परत. तक्रारी होतात, गुन्हेही दाखल झालेत. पण पत्त्यावर प्रवेश ठेवला की पत्त्याचा बाजार होणारच. तुम्ही म्हणता तशी हद्द सगळ्यांना लावली तर हा बाजार दसपटीने वाढेल, आणि त्यात तुमच्या ताई कुठे असतील ते सांगायला नको.

उत्पन्नाचा दाखला तर विनोद झाला आहे. दुर्बल घटकासाठी मर्यादा वर्षाला एक लाख रुपये. महिन्याला ८,३३३. चार घरची कामं करणाऱ्या बाईचं आणि रंगकाम करणाऱ्या नवऱ्याचं मिळून उत्पन्न यापेक्षा जास्तच भरतं. शहरात किमान वेतन खरोखर हातात पडणारा एकटा कामगारही ही मर्यादा ओलांडतो. त्याच देशात खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाला मर्यादा आठ लाख. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या एक लाखाच्या मर्यादेवर बोट ठेवून ती पाच लाखांपर्यंत न्यावी असं सुचवलं होतं. आपल्याकडे तहसील कार्यालयातून दाखला मिळतो तो खऱ्या उत्पन्नाचा असतोच असं नाही, हे दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं. वंचित घटकातल्या जातींना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. ते योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की एका वर्गातल्या ‘आरटीईच्या मुलां’तही नोकरदाराचं मूल आणि बिगारी कामगाराचं मूल, दोघं असतात. शाळा दोघांना एकाच नजरेने बघते.

वर्गात गेल्यावर काय होतं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे असं मला वाटतं. एकत्र शिकण्याने फरक पडतो का? पडतो, आणि यावर आपल्याच देशातला चांगला अभ्यास आहे. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीच्या महागड्या खासगी शाळांत, गरीब मुलांना जागा देणं बंधनकारक झाल्यावर, श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं. त्यात एक प्रयोग रिले शर्यतीचा होता. मुलांना जोडीदार निवडायचा: जोरात धावणारा गरीब मुलगा, की हळू धावणारा स्वतःसारख्याच घरातला. बक्षिसाची रक्कम कमी-जास्त करून पाहिली. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती त्यांनी गरीब मुलाला टाळण्याचं प्रमाण कमी होतं. ही मुलं देण्याघेण्यात जास्त उदार निघाली. अभ्यासाचं नुकसान? इंग्रजीत किंचित घट, गणित आणि हिंदीत काही नाही. ‘आमच्या मुलांचा दर्जा खाली जाईल’ असं पालकसभेत म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. काही जण ऐकतात.

पण एका वर्गात बसवलं म्हणजे मिसळली असं नाही. कायद्याखालचे नियम सांगतात की या मुलांचा वर्ग वेगळा भरवायचा नाही, वेळ वेगळी ठेवायची नाही, पुस्तकं, गणवेश, खेळ, ग्रंथालय कशातच भेद करायचा नाही. उघड वेगळी तुकडी करणाऱ्या शाळा आता कमी झाल्या. भेद बारीकसारीक गोष्टींत असतो. रात्री नऊ वाजता पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो: उद्या सौरमालेचा प्रोजेक्ट, रंगीत प्रिंट, थर्माकोल आणि अ‍ॅक्रिलिक रंग घेऊन यावं. घरात एकच फोन, तो वडिलांकडे, वडील रात्रपाळीला. सकाळी मूल हात हलवत येतं आणि बाईंच्या वहीत ‘साहित्य आणले नाही’ असा शेरा. महिन्यातून तीन वेळा असं झालं की ते मूल निष्काळजी ठरतं. यावर उपाय पैशाचा नाही. एका मुख्याध्यापिकेने प्रोजेक्टचं साहित्य शाळेतच ठेवायचं आणि काम वर्गातच करायचं असं ठरवलं, वाढदिवसाला भेटवस्तू वाटणं बंद केलं, स्नेहसंमेलनाचे कपडे शाळेच्या कपाटातून दिले. सहा महिन्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या, असं त्याच सांगायच्या. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

शाळांची बाजूही सांगायला हवी. शासन या मुलांपोटी प्रतिपूर्ती देतं, महाराष्ट्रात ती वर्षाला १७,६७० रुपये धरली गेली होती, कोविडच्या काळात ८,००० वर आणली. ती वर्षानुवर्षं थकते. मोठी शाळा सोसते, पण गल्लीतली छोटी इंग्रजी शाळा, जिची फीच पंधरा-वीस हजार आहे, ती थकबाकीने खरंच मेटाकुटीला येते. मग ती तिचा राग मुलावर काढते. हे चूक आहे, पण कारण माहीत असावं.

ग्रामीण भागाबद्दल दोन ओळी, कारण शहरातले लोक तो विसरतात. बहुतेक गावांत एक किलोमीटरवर एकच शाळा असते, जिल्हा परिषदेची. ज्याची ऐपत आहे त्याचं मूल पिवळ्या व्हॅनने तालुक्याला जातं. गावात उरतात ती शेतमजुरांची मुलं, पट कमी होतो, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत मिळवण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा नावं निघाली ती याच शाळांची. हद्द तिथे उपाय नाहीच. शाळा टिकवणं हाच उपाय.

मग करायचं काय? माझ्या हातात असतं तर मी अंतराला प्राधान्यक्रमात ठेवलं असतं, पण इतकं जड नाही. एक आणि तीन किलोमीटरचे दोन टप्पे मोडून तीन किलोमीटरपर्यंत सगळ्यांची एकच सोडत. लोकप्रिय शाळेच्या जागा पहिल्याच टप्प्यात संपतात, त्यामुळे दुसरा टप्पा कागदावरच राहतो. दुसरं, पालकाच्या कामाच्या जागेचा पत्ताही परिसर म्हणून धरावा. आई रोज सकाळी ज्या सोसायटीत येते तिथल्या शाळेत मूल तिच्याबरोबर येऊ शकतं. वाहतुकीचा प्रश्नही बराचसा सुटतो. पुरावा काय? सोसायटीने दिलेला पास, घरेलू कामगार किंवा बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. यातही लबाडी होईल, पण भाडेकरारापेक्षा कमी. तिसरं, उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी बांधावी, म्हणजे दरवर्षी वाद नको. आणि महापालिकेच्या शाळांवर पैसा. मुंबई महापालिकेने सीबीएसई आणि आयसीएसईच्या ‘मुंबई पब्लिक स्कूल’ काढल्या तेव्हा प्रवेशाला रांगा लागल्या, आणि रांगेत मध्यमवर्गीयही होते. माझ्या मते गरीब-श्रीमंत एकत्र आणण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, फक्त त्याला वेळ लागतो आणि फीत कापायला काही मिळत नाही.

तुमच्या ताईंसाठी. मुलगी अजून वयात बसत असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा भरता येईल. वयाची अट त्या वर्षीच्या परिपत्रकात तारखेसह असते, ती आधी बघा. दहा शाळा निवडता येतात, त्यात फक्त तुमच्या सोसायटीजवळची आणि नावाजलेल्या शाळा भरू नका. त्यांच्या घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या पात्र शाळा आधी घ्या, प्रत्येकीत जाऊन बघा. अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २५ टक्क्यांची अट लागत नाही, त्यामुळे त्या यादीत दिसणार नाहीत. फुगा तुम्ही स्वतः त्यांच्या दारात उभं राहून फोनवर टेकवा. नंबर लागला तर घाईने नाकारू नका, आणि न आवडलेल्या शाळेत नुसता अडकवायचा म्हणून प्रवेश घेऊही नका, कारण एकदा आरटीईतून प्रवेश घेतला की पुन्हा अर्ज करता येत नाही. जवळच महापालिकेची इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर तीही मनापासून बघा; काही खरंच चांगल्या आहेत.

आणि एक गोष्ट त्यांना आत्ताच सांगून ठेवा, शाळा सांगत नाही. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी सुरू होते, आणि त्या वर्षी अनेक मुली शाळा सोडून जातात. आतापासून महिन्याला थोडे बाजूला टाकता आले तर बघा, नाहीतर आठवीनंतर कुठली अनुदानित शाळा घ्यायची ते सातवीतच ठरवून ठेवा.